फक्त अम्माला येणारं नाव

माझ्या मुलीचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही वाचाल, आणि वाचाल ते चुकीचंच वाचाल. तुमचा दोष नाही. त्या नावाच्या मधोमध एक आवाज आहे, त्याला आपल्या बाराखडीत घरच नाही. ळ म्हणायला जावं तर तो ळ नाही, य म्हणावं तर य नाही, आणि र तर नाहीच नाही. जीभ मागं वळवायची, टाळूला लागू द्यायची नाही आणि तशीच अधांतरी ठेवून पुढचं म्हणायचं. मला ते जमायला अख्खा उन्हाळा लागला. आमच्या विट्याकडं बाकी कोणाला ते आजतागायत जमलेलं नाही. जमवायची तसदीही कोणी घेतली नाही, आणि हे बोलून दाखवायला मी काही कोणाला भीत नाही.

आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली. जुनं सोनं वितळवायचं, आम्लात घालून शुद्ध करायचं आणि सराफाला द्यायचं, हा तो धंदा. आमच्या ह्यांचं दुकान तमिळनाडूतल्या एका लहान शहरात होतं. लग्न झालं आणि महिन्याच्या आत मी तिथं जाऊन पडले. भाषा येत नाही, भाकरीला ज्वारी मिळत नाही, शेजारीण हसते ती आपल्याकडं बघून की आपल्याला हसते, तेही कळत नाही. हे सकाळी दुकानात जायचे ते संध्याकाळी खोकत परत यायचे. मी दिवसभर भिंतींशी बोलायची.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. सगळे तिला अम्मा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. नवरा गेलेला, घरात एकटीच. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि तोंड अखंड चालू. तिचं मला एक अक्षर कळायचं नाही आणि माझं तिला. तरी ती जिन्यात उभी राहून माझ्याशी बोलायची, आणि मी खुशाल मराठीतून उत्तरं द्यायची. तिनं मला तमिळ शिकवलं असं नाही. ती बोलत राहिली, आणि मला यायला लागलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, आणि डॉक्टरांनी तर प्रवासाचं नाव काढू नका म्हणून बजावलेलं. सासूबाईंनी डिंकाचे लाडू पाठवले आणि येते येते म्हणत राहिल्या. म्हशी आणि उसाची तोड सोडून त्या येणार कशा? सगळं अम्मानं केलं. पाय लांब करून खाली बसायची, साडी गुडघ्यापर्यंत वर घ्यायची आणि पोरीला पायांवर पालथी घालून अशी चोळायची की मलाच भीती वाटावी. माझी आई असती तर तिनंही असंच केलं असतं, हे मनात यायचं आणि मी उठून दुसऱ्या खोलीत जायची.

एके दिवशी न्हाऊ घालता घालता अम्मानं पोरीला एका नावानं हाक मारली. अगदी सहज, लाडात. आणि एकदम गप्प झाली. तांब्या हातात तसाच. भिजलेली पोरगी गारठून रडायला लागली तेव्हा मीच पुढं होऊन तिला उचललं. अम्मा भिंतीला धरून उठली आणि तोंड पुसत आत गेली.

मी ह्यांच्या मागं लागले. हे दुकानाशेजारच्या सराफाला विचारून आले. अम्माला एकच मुलगी होती. शाळेत जायला लागली होती, आणि तापानं गेली. तेव्हापासून त्या घरात ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं.

मी तिथल्या तिथं ठरवलं. पोरीचं नाव हेच ठेवायचं.

हे म्हणाले, "अगं, गेलेल्या पोरीचं नाव?"

"आपल्याकडं आज्याचं नाव नातवाला ठेवत नाहीत? तो काय जिवंत असतो?"

"पण घरी कोणाला म्हणता येणार नाही ते."

"जिभेला काय हाड असतं? वळेल."

हे हसले आणि गप्प बसले. माझ्यापुढं गप्प बसण्यातलं शहाणपण त्यांना लवकर कळलं होतं.

अम्माला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, ती रडेल, मला जवळ घेईल. कसचं काय. ती म्हणाली, तू चुकीचं म्हणतेस. आणि मला शिकवायला बसली. तांदूळ निवडताना, वाळवण उलथताना, जिन्यात येता-जाता, म्हण पुन्हा. असं नाही, असं. पुन्हा म्हण. एवढ्या वर्षांत जे नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं ते आता दिवसभर तिच्या तोंडात. तिचा चेहराच बदलला. मी कधी कधी मुद्दाम चुकायची, म्हणजे ती आणखी एकदा म्हणून दाखवेल. उन्हाळा सरता सरता एकदाची म्हणाली, हां, आता जमलं.

बारसं मात्र घरी केलं, विट्याला. बारशात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. माझी नणंद नवी पैठणी नेसून, नाकात नथ घालून तयार. तिला आदल्या दिवसापासून पढवत होते. तिनं पाळण्यात वाकून कुर्रर्र केलं आणि भलतंच काहीतरी म्हटलं. बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाधपा बुक्क्या घातल्या, हशा पिकला. मी म्हटलं, थांबा, चुकलं, परत. ती परत वाकली. परत चुकलं, परत बुक्क्या. तिसऱ्यांदा ती कंबर धरून म्हणाली, "वैनी, माझी पाठ मोडायची हाय का तुमाला?"

सासूबाई पाटावरून करवादल्या, "आगं, देवादिकांच्या नावांची काय कमी हाय व्हय? नाव हाक मारायला आसतंय, जीभ मोडायला न्हाई." आणि त्यांनी त्याच दिवसापासून तिला आपल्या सोयीचं एक नाव लावून टाकलं. मी कितीदा तोंड वाजवलं, त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नाही.

पुढं ह्यांच्या छातीनं दगा दिला. आम्लाच्या धुरानं खोकला हटेना, डॉक्टर म्हणाले, हा धंदा सोडा. दुकान विकलं आणि आम्ही गावी परत आलो. पोरगी तेव्हा पहिलीत. निघताना अम्मा रिक्षापर्यंत आली नाही. वर आमच्या रिकाम्या झालेल्या खोलीच्या खिडकीतून तिनं पोरीला हाक मारली, एकदाच, मोठ्यानं. पोरीनं मागं वळून हात हलवला.

मग अम्माचा फोन यायला लागला, दर रविवारी. माझ्याशी दोन शब्द झाले की म्हणायची, तिला दे. पोरीनं फोन कानाला लावला की पलीकडून ते नाव यायचं, जसं यायला पाहिजे तसं. मी हातातलं काम टाकून शेजारी बसायची, नुसतं ते ऐकायला. त्यानंतरचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. ताप नाही ना आला? मग, जेवलीस का, पावसात भिजू नको, रात्री डोक्यावर पांघरूण घे. पोरगी हो हो म्हणायची. थोडी मोठी झाल्यावर एकदा फोन ठेवून ती मला म्हणाली, "आई, मला तर कधी ताप पण येत नाही. अम्मा नक्की माझ्याशीच बोलते ना गं?"

मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं? वेडी का खुळी तू?"

तिला सगळं ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं, तू कोणाचं नाव लावतेस ते. अभिमानानं सांगितलं होतं. त्यात लपवायचं काय?

शाळेनं तर त्या नावाचे धिंडवडे काढले. हजेरी घेताना बाई तिच्या नावापाशी आल्या की अडायच्या, घसा खाकरायच्या, मग काहीतरी म्हणायच्या आणि पोरं फिदीफिदी हसायची. बक्षीस समारंभात पाहुण्यांनी नाव पुकारलं ते कोणालाच कळलं नाही. वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस माझ्या पोरीचं, आणि ती खालीच बसून राहिली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी बाईंना धरलं. म्हटलं, माझ्यासमोर म्हणा. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "अहो, किती मुलं असतात वर्गात. एखादं सोपं नाव नाही का तिला?" मी म्हटलं, "सोपं पाहिजे असतं तर सोपंच ठेवलं नसतं का?" घरी येईपर्यंत पोरगी माझ्या चार पावलं पुढं चालत राहिली. लाजेनं कानापर्यंत लाल झाली होती.

हळूहळू ती कशालाही ओ द्यायला लागली. कोणी काही म्हणो, हिचं आपलं "हो, आले." मी चिडायची. दुरुस्त करत जा ना लोकांना! ती म्हणायची, "किती जणांना करू? मला नाव सांगायला लागलं की समोरच्याला तेच पुन्हा विचारायचं असतं. मी कोण, काय करते, ह्यापर्यंत कोणी पोचतच नाही गं." सांगलीला कॉलेजला गेली तर तिथं मैत्रिणींना तिनं भलतंच आटोपशीर काहीतरी सांगून ठेवलेलं. मला कळलं तेव्हा दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. नाव काय चप्पल आहे, टोचलं की बदललं?

मग स्थळं यायला लागली. पलूसकडचं एक पसंत पडलं. द्राक्षबाग आहे, मुलगा सांगलीत नोकरीला, माणसं सरळ. बैठकीला दोन्हीकडची वडीलधारी जमली, मानपान झाले, आणि मुलाच्या चुलत्यांनी विचारलं, तुमची काय अट असंल तर बोला. सगळ्यांना वाटलं, मी दागिन्यांचं काढते. मी म्हटलं, "एकच. लग्नात माझ्या लेकीचं नाव बदलायचं नाही."

आमच्याकडं अजून ती रीत आहे. लग्न लागलं की लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो आणि पेढे वाटून ते सगळ्यांना सांगतात. माझंही बदललं होतं. माझ्या आईनं हौसेनं ठेवलेलं नाव आता मला हाक म्हणून ऐकूच येत नाही. ते म्हणणारी माणसं एकेक करत गेली. म्हणून मी हटून बसले.

होणाऱ्या विहीणबाई हसल्या. "आवं, ऱ्हाऊ द्या की तेच. आमाला काय जड हाय?" असं म्हणून त्यांनी ते नाव घेतलं, आणि असं काही घेतलं की ह्यांनी मान खाली घातली. पण बाई मनानं चांगली. शब्द दिला म्हणजे दिला, हे मला दिसत होतं. माझा जीव भांड्यात पडला.

लग्नाला अम्मा आली. एवढ्या वयात, भाच्याला सोबत घेऊन, आगगाडीनं मिरजेपर्यंत. मी स्वतः आणायला गेले. इतकीशी झाली होती, पण कमरेला किल्ल्या तशाच. हळदीच्या दिवशी दुपारी ती आणि पोरगी मागच्या खोलीत दार लावून बसल्या. बाहेर ही धांदल, बांगड्या भरणारी खोळंबलेली. मी दारावर थाप मारली तर पोरगी आतून म्हणाली, थोडा वेळ दे. मला वाटलं, म्हातारी काहीतरी देत असेल तिला, लुगडं नाहीतर एखादा दागिना. बाहेर आल्या तेव्हा पोरीचे डोळे सुजलेले. लग्नघरात कोणाचे डोळे सुजलेले नसतात? मी लक्ष दिलं नाही.

हल्ली सगळं कार्यालयातच उरकतात, लक्ष्मीपूजनसुद्धा. अम्माला मी पुढच्या रांगेत बसवलं आणि शेजारी बसून एकेक विधी तिला तिच्या भाषेत समजावून सांगत होते. तांदळाचं ताट आलं. मी म्हटलं, आता जावई तांदळात तिचं नाव लिहील. मला कसलीच धास्ती नव्हती. आपलंच नाव तो लिहिणार, वेडंवाकडं का होईना.

जावई वाकला आणि लिहायला लागला. मी मान उंच करून बघत होते. पहिलंच अक्षर वेगळं होतं. वाटलं, चुकला. पण त्यानं पुढचं लिहिलं, त्याच्या पुढचं लिहिलं. साधं, सोपं, गल्लीत पाच जणींचं असतं तसलं नाव. नवऱ्याकडच्या पोरी टाळ्या वाजवायला लागल्या, पेढ्याची ताटं निघाली, आणि त्या नावाचा गलका झाला. पहिल्या फटक्यात सगळ्यांना म्हणता आलं.

मी ताडकन उठले. मांडव-बिंडव काही बघितलं नाही. विहीणबाईंसमोर जाऊन उभी राहिले. "हाच का तुमचा शब्द?"

त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "आवं, देवाशपथ आमी न्हाई! तुमच्या लेकीनंच सांगितलं त्याला हे नाव. आमाला वाटलं, तुमाला ठावं हाय."

मी पोरीकडं बघितलं. मुंडावळ्यांखालून ती तांदळाकडं बघत होती. तिनं नाही म्हटलं नाही.

आणि मग आठवलं, अम्मा! ती एवढ्या लांबून आलीय, तिला काय सांगू? मी परत तिच्यापाशी गेले. तिच्या हातात कोणीतरी पेढा ठेवला होता आणि ती तो शांतपणे खात होती. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "तिनं काल मला विचारलं."

"काय विचारलं?"

"म्हणाली, अम्मा, हे नाव मला आता खाली ठेवायचंय. ठेवू का? फार रडत होती. मी म्हटलं, ठेव. माझ्या पोरीनं वापरलं त्याच्या किती पट जास्त हिनं वापरलं. अजून किती उचलायला लावायचं?" तिनं तोंड पुसलं. "तुला सांगायला भीत होती. मीच म्हटलं, तुझ्या आईला नको सांगू, ती भांडायला उठेल."

मी भांडायलाच उठले होते. पण भांडू कोणाशी? ज्यांच्यासाठी आयुष्यभर शाळेशी, सासूशी, साऱ्या गावाशी भांडले त्या दोघींनी आपसात मिटवून टाकलं होतं. मला विचारलंसुद्धा नाही. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. पण त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला इतकं परकं वाटलं, तेवढं तमिळनाडूतल्या पहिल्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पाठवणीच्या वेळी पोरगी गळ्यात पडली. मी अंग आखडून उभी होते. ती कानाशी म्हणाली, "आई, तू तेच म्हण. तू म्हटलेलं मला चालतं. तूसुद्धा चुकतेसच, पण तुझं चुकलेलं मला सवयीचं आहे."

मला वाटलं, मी काहीतरी भलतंच ऐकलं. पण तेवढ्यात सासरच्यांनी तिला गाडीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी अम्माला मिरजेला सोडायला गेले. गाडीला उशीर होता. तिचा भाचा पाणी आणायला गेला आणि आम्ही दोघी बाकावर बसलो. रात्रभर जे डोक्यात कुरतडत होतं ते मी विचारून टाकलं. "अम्मा, मी ते नाव चुकीचं म्हणते?"

"थोडंसं," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाही मला?"

"तू एवढ्या मायेनं म्हणायचीस. काय सांगणार?"

मला हुंदका फुटला. म्हटलं, "आता शिकवा. परत शिकवा मला. एकदा नीट म्हणून दाखवा, मी म्हणते तुमच्या मागून."

अम्मानं मान हलवली. नाही म्हणून. मी तिचा हात धरून गयावया केली, एकदाच, माझ्यासाठी.

"हाक मारल्यावर कोणीतरी ओ द्यायला लागतं गं," ती म्हणाली. "आता कोण देणार?"

मी तिचा हात तसाच धरून बसले आणि आम्ही दोघी फलाटावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, रडलो. गाडी आली, भाच्यानं तिला वर चढवलं, खिडकीशी बसवलं. खिडकीतून तिनं माझ्या गालाला हात लावला, जेवून घे म्हणाली, आणखीही बरंच काही बोलली. ते नाव मात्र तिनं घेतलं नाही. त्यानंतर कितीतरी रविवार झाले, फोन येतो, आम्ही बोलतो. तिनं ते परत कधीच घेतलं नाही.